आधी चांगलं सांगते

कागदोपत्री माझ्या मुलीचं नाव छान आहे, पण घरात तिला सगळे पिपाणी म्हणतात. हे सासूबाईंचं काम. जन्मली त्या दिवशी तिनं रडून वॉर्डातली झाडून सगळी बाळं उठवली, तेव्हा त्या म्हणाल्या, "ही मुलगी नाही, पिपाणी आहे. हिचं तोंड जरा भिंतीकडे करा कुणीतरी." नाव चिकटलं. तिच्या रडण्यातले फरक मला आता कळतात. भुकेचं रडणं खालच्या पट्टीत सुरू होतं आणि चढत जातं. झोपेचं तुटक असतं. आणि एक नुसतंच रागाचं, मी दुसऱ्या खोलीत गेले एवढ्यासाठी.

रजा संपून मी कामावर निघाले त्या सकाळी ती रडली नाही.

तिला ताप येऊन गेला होता. आदल्या दिवशी सासूबाईंनी कोपऱ्यावरच्या आरोग्य केंद्रातून लाल औषधाची बाटली आणली आणि संध्याकाळपर्यंत ताप उतरलाही. आता खांद्यावर डोकं टाकून ती डोळे मिटत होती, उघडत होती. मी तिच्या मानेचा वास घेतला, परत एकदा घेतला आणि तिला सासूबाईंकडे दिलं.

"निघ आता," त्या म्हणाल्या. "दारात उभी राहून डोळ्यांतून पाणी काढू नकोस. बघ कशी शहाण्यासारखी बसलीय. तुझ्यावाचून तिचं काही अडत नाही."

"आई, हा टोमणा होता की आशीर्वाद?"

"दोन्ही. जा."

ब्लाउजच्या आत मी जाड सुती घड्या ठेवल्या होत्या आणि पिशवीत आणखी घेतल्या होत्या. बाळंत झाल्यापासून कुठलंही बाळ रडलं की मला पान्हा फुटायचा. जिन्यात, दुकानाच्या रांगेत, शेजारणीच्या मांडीवर, कुणाचंही बाळ असो. एकदा तर रस्त्यात मांजर ओरडलं तेव्हाही. आणि माझं काम दिवसभर दवाखान्यांतले आवाज ऐकायचं. पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर फजिती नको, म्हणून ही तयारी.

आमच्या कचेरीच्या वरच्या मजल्यावर अनुभव कक्ष आहे. नाव भारदस्त असलं तरी काम साधं आहे. गावोगावच्या आरोग्य केंद्रांतल्या सिस्टर त्यांना काय अडलं, त्यावर काय केलं, कशानं गुण आला, ते फोनवर बोलून पाठवतात. आम्ही ते ऐकायचं आणि कामाचं असेल ते बाकीच्या केंद्रांना कळवायचं. वीज गेली तर लसींची पेटी कशी गार ठेवायची, जुलाब झालेलं मूल साखरमिठाचं पाणी थुंकून टाकत असेल तर काय करायचं. एकीला सापडलेलं दुसरीपर्यंत पोचवायचं. पुस्तकात नसलेलं कितीतरी मी या खोलीत शिकले.

मी रजेवर गेले तेव्हा ती खोली म्हणजे उकिरडा होता. एकच तक्रार शंभर जणी पाठवायच्या आणि आम्ही शंभर वेळा ऐकायचो. त्या ढिगाखाली एकदा एका लांबच्या केंद्राचा प्रश्न दबून राहिला. साप चावलेल्या मुलीला पुढे कुठे न्यायचं, एवढाच प्रश्न होता. आमच्या कानापर्यंत तो पोचला तेव्हा मुलगी राहिली नव्हती. मोठ्या साहेबांनी ते मनाला लावून घेतलं. त्यानंतर कितीतरी दिवस ते बोलताना मध्येच थांबायचे.

परत आले तर खोली ओळखू येईना. फायली गायब. भिंतभर पडदा, त्यावर आमच्या हद्दीचा नकाशा आणि नकाशावर मोजके, नीटनेटके ठिपके. हिरवा ठिपका म्हणजे यशस्वी अनुभव, लाल म्हणजे अडचण. लाल फारच थोडे होते.

"काय गं, ओळखतेस का आम्हाला?" माझ्या शेजारच्या टेबलावरचा मित्र खुर्चीसकट माझ्याकडे वळला. आम्ही एकाच वर्षी नोकरीला लागलो. त्याला आता सगळे चाळणी म्हणत होते आणि त्याला त्याचा अभिमान होता.

"तू काहीतरी भयंकर केलेलं दिसतंय."

"साफसफाई केलीय, बाईसाहेब. साहेबांचा हुकूम, एक गोष्ट एकदाच. नवीन नोंद आली की मशीन तिचं पहिलं वाक्य आधीच्या नोंदींशी ताडून बघतं. जुळलं तर 'आधीच माहीत आहे' असा शिक्का मारतं आणि तिला जुनीच्या पोटात ठेवून देतं. मग ती कुणी ऐकायची नाही."

"पहिलंच वाक्य का?"

"सगळं ऐकत बसलं तर तुझी मुलगी कॉलेजात जाईल. हे बघ, आज दुपारी पाहुणे येणार आहेत हे बघायला. त्यांच्याकडेही असंच उभं करायचंय म्हणे. तू फक्त हसत बस."

मी कानाला हेडफोन लावले. मशीनला नवीन वाटलेल्या नोंदी ऐकायच्या होत्या. सगळ्या सिस्टर आता एकसारखं बोलत होत्या, "आधी चांगलं सांगते." मी नसताना त्यांचं प्रशिक्षण झालं होतं. तुम्ही सारखं रडगाणं गाता, आधी काय चांगलं झालं ते सांगत जा, मग अडचण, असं त्यांना शिकवलं होतं. ऐकायला बरं वाटत होतं. लहान मुलांच्या तपासणीच्या दिवशी केलेल्या नोंदी होत्या, सिस्टरच्या आवाजामागे बायकांची कुजबुज, पंख्याची घरघर, कुणाच्या तरी चपला.

जेवणाच्या वेळी मी घड्या बदलायला बाथरूममध्ये गेले. त्या कोरड्या होत्या.

आधी मला हायसं वाटलं. मग हात धुता धुता नळ तसाच चालू राहिला. मी सकाळभर कानांनी बाळांच्या दवाखान्यात बसले होते. तिथे सुया टोचतात, मुलांना उघडं करून गार वजनकाट्यावर ठेवतात. आणि माझ्या अंगाला एकही बाळ ऐकू आलं नव्हतं.

"आवाज साफ करून देता का तुम्ही?" मी चाळणीला विचारलं. "मागचं रडणंबिडणं काढून टाकता?"

"नाही गं. तेवढे लाड नाहीत. जसं येतं तसं."

"मग बाळं का रडत नाहीयेत?"

तो हसला. "आई झालीस आणि आता रडणं कमी पडायला लागलं होय? घरी जा, पिपाणी वाजवेल."

मी रजेवर जाण्याआधीची एक जुनी नोंद काढून लावली. सिस्टर काय म्हणत होती देव जाणे. तिच्या मागे एक बाळ असं काही किंचाळत होतं की क्षणात छाती भरून आली, घडी ओली झाली. म्हणजे माझं अंग ठीक होतं.

"लाल औषधाची मुख्य नोंद काढ," मी म्हटलं. का ते मलाही नीट सांगता आलं नसतं.

ती नकाशावर कोपऱ्यात होती. एकच हिरवा ठिपका. 'नवीन लाल औषधाने ताप लवकर उतरतो, बाळ शांत झोपतं.' हाच निरोप आम्ही सगळ्या केंद्रांना पाठवला होता.

"हिच्या पोटात काय काय आहे?"

"आधीच माहीत असलेलं."

"मला ऐकव."

त्यानं तोंड वाकडं केलं, पण हेडफोनची एक बाजू स्वतःच्या कानाला लावून शेजारी बसला. पहिला आवाज थकलेला होता, वयस्कर. "आधी चांगलं सांगते. लाल औषधानं ताप उतरला, बाळ शांत झोपतंय." मग थोडा वेळ नुसता पंखा. "आता अडचण. ते उठतच नाहीये. आई पाजायला घेते तर तोंड उघडत नाही. लंगोट कालपासून कोरडा आहे. कुणी ऐकत असेल तर काय करू ते कळवा."

दुसऱ्या केंद्राची, तरुण मुलगी. "आधी चांगलं सांगते, बाळ शांत झोपतंय..." आणि मग तेच. लघवी नाही, चेहरा सुजला आहे. तिसऱ्या नोंदीत सिस्टर अडचण सांगता सांगता थांबली, मागे कुणीतरी बाई म्हणाली, "सिस्टर, हिचा हात बघा ना," आणि नोंद तिथेच संपली.

चाळणीनं हेडफोन कानावरून काढून टेबलावर ठेवला. तो उलटा ठेवला गेला, मग त्यानं सरळ केला.

मी घरी फोन लावला. बराच वेळ वाजला.

"आई, पिपाणी कुठंय?"

"हळू बोल. झोपलीय." सासूबाईंच्या आवाजात कौतुक होतं. "इतकी गुणाची झालीय म्हणून सांगू! तू गेल्यापासून एकदा रडली नाही. उगाच बदनाम केली मी पोरीला."

"दूध प्यायली का?"

"वाटीचमच्यानं दिलं, तर नको म्हणाली. झोपेत आहे ना."

"लंगोट?"

"कोरडाच आहे. दोनदा बघितला मी. आता सकाळचं औषध राहिलं होतं ते देतेच..."

"आई, नका देऊ!"

मी इतक्या मोठ्यानं ओरडले असेन की खोलीतली सगळी डोकी वळली. "ती बाटली हातातली खाली ठेवा. पिपाणीला उचला आणि मोठ्या इस्पितळात न्या. आत्ता. खालच्या शिंपीकाकांना गाडी काढायला सांगा. बाटली बरोबर घ्या, फेकू नका."

"अगं, पण तुमच्याच ऑफिसचा निरोप होता. सिस्टरनं मला तिच्या फोनमधला वाचून दाखवला, बाळ शांत झोपतं म्हणून. म्हणून तर मी... मी तुमच्यावर विश्वास ठेवून दिलं गं."

"मला माहीत आहे, आई. निघा."

मग मी त्यांना पिपाणीची टाच बोटानं टिचकावायला सांगितली. फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. मी वाट पाहिली. टाच टिचकावली की ती घर डोक्यावर घेते.

"पाय आखडला थोडा," सासूबाई म्हणाल्या. "रडली नाही."

मी पिशवी उचलली. दारापर्यंत गेलेही. पण त्या तरुण मुलीचा आवाज अजून कानात होता. माझ्या घरी मी फोन करू शकले, कारण ते माझं घर होतं. बाकीच्या घरांत आत्ता, याच वेळी, कुणीतरी प्रेमानं चमचा भरत होतं. आणि ते आमच्या सांगण्यावरून भरत होतं.

मी वळले, तोच मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन आत आले.

"या, आलात का कामावर? बाळ कसंय?" त्यांनी मला विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पाहुण्यांना म्हणाले, "ही आमची खोली."

"साहेब, लाल औषध थांबवायला हवं. सगळीकडे. बाळं उठत नाहीयेत."

ते मला बाजूला घेऊन गेले. चिडले नाहीत. आवाज खाली आणून म्हणाले, "किती नोंदी आहेत?"

मी चाळणीकडे बघितलं. त्यानं पडद्याकडे बघितलं. "एक," तो म्हणाला, आणि स्वतःच्याच तोंडून ते ऐकून पांढरा पडला.

"बाई, एका नोंदीवर मी सगळ्या केंद्रांतलं तापाचं औषध बंद करू? ताप डोक्यात जाऊन मुलांना झटके आले तर? ती मुलं कुणाची? तपासणीला पाठवू बाटली. आज पाहुणे जाऊ देत, मग बसू आपण."

"साहेब, माझी मुलगी इस्पितळात चाललीय."

ते माझ्याकडे बघत राहिले. बोलताना ते मध्येच थांबायचे ना, तसे थांबले.

"उलगड," मी चाळणीला म्हटलं. "जोडलेल्या सगळ्या सोड."

त्यानं साहेबांकडे बघितलं नाही. त्यानं कळ दाबली.

भिंतीवरचा तो एकुलता ठिपका थरथरला आणि फुटला. त्यातून ठिपके निघाले, ज्या त्या केंद्रावर जाऊन बसले. नदीकाठानं, रेल्वेच्या बाजूनं, डोंगरातल्या वस्त्यांवर, शहराच्या प्रत्येक पेठेत. मशीनच्या लेखी त्या यशस्वी अनुभवांच्या नोंदी होत्या, म्हणून सगळे हिरवे. नकाशा हिरवा होत गेला, कडेपर्यंत, एकही मोकळी जागा राहीना. खोलीत त्याचा उजेड पडला. चाळणीचे हात हिरवे दिसत होते.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

मनापासून वाजवल्या. एक बाई पाहुणी तर शेजारच्या बाईला म्हणाली, "काय सुंदर आहे हो!" साहेबांनी हात वर केला, त्यांना थांबवायला, पण तो अर्ध्यावरच राहिला. टाळ्या हळूहळू आपोआप थांबल्या. मग फक्त हेडफोनमधून, टेबलावरून, बारीक आवाज येत होता, आधी चांगलं सांगते, आधी चांगलं सांगते.

"निरोप पाठवा," साहेब म्हणाले. "माझ्या नावानं. लाल औषध थांबवा, बाळ शांत झोपत असेल तर उठवा, इस्पितळात आणा."

चाळणीनं तसंच लिहून पाठवलं. पडद्यावर चौकट उमटली. बाळ, शांत, झोप, लाल औषध. आधीच माहीत आहे. निरोप जुन्या नोंदीत ठेवून दिला गेला होता.

साहेबांनी कोट काढून खुर्चीवर टाकला, टेबलावरचा टेलिफोन स्वतःकडे ओढला आणि म्हणाले, "नंबर वाचा." पाहुण्यांनाही फोन धरून बसवलं. ती 'काय सुंदर' म्हणणारी बाई माझ्या समोर बसली आणि तिनं पहिला नंबर लावला. मग त्या खोलीत, जिथे एक गोष्ट एकदाच बोलायची होती, आम्ही सगळे तेच वाक्य बोलत राहिलो. औषध थांबवा, बाळाला उठवा. औषध थांबवा, बाळाला उठवा. कुठे उचलत नव्हते, कुठे लागत नव्हता. एका ठिकाणी त्या थकलेल्या, वयस्कर सिस्टरनंच उचलला.

"अनुभव कक्षातून?" तिला खरं वाटेना. "बरं. आधी चांगलं सांगते..."

"नका सांगू, सिस्टर. आधी वाईट सांगा."

पलीकडे पंखा वाजत होता. "मग बसून ऐका," ती म्हणाली.

मी बसून ऐकलं. ते मी इथे लिहिणार नाही.

नंतर चाळणीनं माझ्या हातातून फोन काढून घेतला. "जा. तुझे नंबर मी करतो. अगं, जा ना!"

इस्पितळाच्या पायऱ्यांवर शिंपीकाका उभे होते, गळ्यात मापाची टेप तशीच. त्यांनी बोटानं वर दाखवलं. जिना चढताना मी कान देऊन होते. मुलांच्या वॉर्डाचा आवाज खालपर्यंत येतो, निदान यायला हवा. मी दाराशी पोचले तरी तो आला नाही.

वॉर्ड भरलेला होता. प्रत्येक खाटेवर बाळ, काही खाटांवर दोन दोन. आया, आज्या, एक बाप उभ्यानं सलाईनची बाटली धरलेला. नर्स पळत होत्या, पण त्याही दबक्या पावलांनी, झोपलेलं कुणी उठू नये अशा. सवय असते ना.

सासूबाई भिंतीशी जमिनीवर बसल्या होत्या. पिपाणी त्यांच्या मांडीवर, इवल्याशा हाताला फळी बांधलेली, त्यात सुई.

"किती चमचे दिले ते विचारलं डॉक्टरांनी," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "थोडेच गेले म्हणाले. लघवी झाली तर बरं, असं म्हणाले. झाली तर." त्यांनी माझा हात घट्ट धरला. "मी तिला गुणाची म्हटलं गं. गुणाची म्हटलं."

मी पिपाणीला मांडीवर घेतलं. तिच्या मानेला औषधाचा गोड वास येत होता. मी टाचेवर टिचकी मारली, परत मारली. तिच्या कानात मी तिची सगळी नावं घेतली, कागदावरचंही. खिडकीतलं ऊन समोरच्या खाटेवरून खाली उतरत गेलं. एक नर्स येऊन सलाईनचा वेग बघून गेली. माझी छाती दगडासारखी झाली होती आणि एक थेंब उतरत नव्हता.

कधी ते सांगता येणार नाही, पण मांडीला ऊब लागली. आधी वाटलं भास. मग ती पसरली, साडीतून, गुडघ्यापर्यंत, खाली फरशीवर. मी हात लावून बघितला. ओला हात मी सासूबाईंपुढे धरला आणि त्यांनी तो आपल्या गालाला लावला.

पिपाणीचं तोंड वाकडं झालं. आवाज नाही आला आधी. मग आला, घोगरा, फाटका, खालच्या पट्टीत सुरू होऊन चढत जाणारा. माझ्या दोन्ही घड्या भिजल्या.

सगळा वॉर्ड आमच्याकडे वळून बघत होता. शेजारच्या खाटेवरची मुलगी, माझ्याच वयाची, आधी पिपाणीकडे बघत होती, मग माझ्या ओल्या मांडीकडे. तिनं आपल्या बाळाच्या दुपट्यात हात घातला, चाचपलं आणि तो कोरडाच बाहेर काढला.

"जरा वेळ इथेच बसा ना," ती मला म्हणाली. "रडू द्या तिला. याला ऐकू जाऊ दे."

मी पिपाणीला घेऊन तिच्या खाटेजवळ सरकले आणि उगी उगी म्हटलं नाही. एरवी अशा वेळी एक बाळ रडलं की दुसरं जागं होतं, मग तिसरं. आम्ही दोघी ऐकत बसलो. त्या लांबलचक खोलीत एकटी पिपाणीच वाजत होती.